थोपटलेली पोती

आशालताताईंचा फोन आला तेव्हा मी टेम्पोवाल्याशी भांडत होते. एका हातानं त्याला थांब म्हणाले आणि दुसऱ्या हातानं फोन कानाला लावला.

"हलीमा, शनिवारी तीन वाजता. हॉल घेतलाय. तू पाच धडे सांगायचेस."

"कसले धडे?"

"नेतृत्वाचे. धंदा कसा उभा केलास, माणसं कशी सांभाळलीस. आधी तू बोल, मग मी. एक उद्योजिका, एक संस्थावाली."

"अहो ताई, शाळेतले धडे मला पाठ झाले नाहीत, आता मी दुसऱ्यांना कुठून देऊ?"

"हेतल शहा पण येणार आहे," ताई म्हणाल्या.

मग काय! येते म्हटलं.

ही हेतल कोण ते सांगते. नवी मुंबईत तिची कोकणी मालाची आठ दुकानं आहेत. मी हलीमा महमूद, पनवेलच्या जुन्या बाजारामागे माझा सुक्या मासळीचा गाळा. करंज्याच्या बंदरावरून जवळा म्हणजे बारीक सुकी कोलंबी, बोंबील, सोडे आणायचे, निवडायचे, साफ करायचे, पाकिटात भरून विकायचे. वीस वर्षं झाली. हेतलची ऑर्डर ठरत आली होती, आठही दुकानांत दर महिन्याला माझा माल. मंगळवारी ती गाळा बघायला येणार होती. त्याआधी शनिवारी तिच्यासमोर स्टेजवर चार शब्द बोलायला मिळत असतील तर कोण सोडेल?

माझ्या हादियानं बंगलोरहून फोनवर मला पाच धडे सांगितले. मुलगी एमबीए आहे. मी ते कार्डांवर लिहून काढले. पहिलं कार्ड मात्र माझं स्वतःचं होतं. 'माल मालकाच्या हाताखालून गेल्याशिवाय पुढे जाता कामा नये.'

आणि इथंच माझी बोंब होती.

दिवाळीनंतर मला ताप आला. पाच दिवसांनी ताप गेला आणि जाताना माझा वास घेऊन गेला. म्हणजे नाक जागेवर, वास गायब, आणि तोंडाला चवही धड नाही. चुलीवर दूध करपलं तरी मला पत्ता नाही. माझे मिस्टर महमूद बाहेरच्या खोलीतून धावत आले तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणाले, शिरेचं काम आहे, येईल तेव्हा येईल, कदाचित येणारही नाही. मी महमूदना कसम घातली की कुणाला सांगायचं नाही. सुक्या मासळीवालीला वास येत नाही हे बाजारात कळलं तर संपलंच की सगळं. ओला जवळा पाकिटात बंद केला तर आठ दिवसांत आत बुरशी धरते. एक पाकीट तसं गिऱ्हाइकाच्या घरी उघडलं की वीस वर्षांचं नाव मातीत. रात्रीचं दव पडलेला माल करंज्याहून हिवाळ्यात हमखास येतो, आणि तो हाताला कळेलच असं नाही, नाकाला मात्र कळतो.

माल आला की आमच्याकडे एक रिवाज आहे. मी बिस्मिल्ला म्हणते, पोत्याच्या तळातून मूठभर माल काढते, चोळते, हुंगते. चांगला असेल तर पोत्याला तळहातानं थोपटते. खराब असेल तर लाथ. थोपटल्याशिवाय कुणी पोतं सोडायचं नाही, आणि मालाबद्दल कुणी तोंड उघडायचं नाही. हा नियम मी केला चिंधीच्या पहिल्याच महिन्यात. अकरा वर्षं झाली त्याला.

चिंधी डोंगराकडच्या वाडीतली. आशालताताईंची संस्था तिथे काम करते. वीटभट्टीवर जाण्यापेक्षा बरं म्हणून ताईंनी चिंधीला आणि आणखी तीन बायकांना माझ्याकडे आणलं. तर पहिल्याच महिन्यात करंज्याचा दत्ता माल घेऊन आला, आणि मी एक पोतं थोपटलं तशी ही चिंधी पटकन म्हणाली, "भाभी, याला वास येतोय." दत्तासमोर! चार बायकांसमोर! मी अशी झाडली तिला की विचारू नका. "इथं नाक कुणाचं चालतं? तुझं की माझं? मालाचं मी बघते, तू साफसफाईचं बघ." दत्ता हसला. चिंधी मान खाली घालून निवडायला बसली. पोतं चांगलं होतं की खराब, ते आता मला आठवतही नाही. पण चिंधी त्यानंतर मालावर एक अक्षर बोलली नाही, आणि मी मनात म्हणत आले की बघा, कशी शिस्त लावली.

तर दिवाळीपासून मी नाटक करत होते. मूठ काढायची, हुंगल्यासारखं करायचं, बोटांवर विश्वास ठेवायचा आणि थोपटायचं. आश्चर्य म्हणजे एकही तक्रार आली नाही. उलट एक दुकानदार म्हणाला, "भाभी, यंदाचा जवळा एक नंबर." मला वाटलं, अल्लाची मेहरबानी, बोटं शिकली माझी.

एकच गोष्ट खटकत होती. साफ केल्यावर पोत्यामागे किलो-सव्वा किलो घट व्हायची, ती आता तीन-चार किलोवर गेली होती. माल जातोय कुठं? माझा संशय चिंधीवर गेला. हो, गेला. लाज वाटते सांगायला, पण एकदा ती मोरीवर हात धूत असताना मी तिची पिशवी उघडून पाहिली. दोन भाकऱ्या, मिरचीचा ठेचा आणि एक कंगवा. मी पिशवी होती तशी ठेवली. संशय मात्र तसाच राहिला.

शनिवार आला. इतर दिवशी मी एक वाजता घरी जाते, नमाज, जेवण, थोडी पाठ टेकायची, आणि चार वाजता परत. त्या दिवशी घरी जाऊन नवी साडी नेसले आणि दीड वाजताच हॉलकडे निघाले. एसटी स्टँडपर्यंत रिक्षा गेली आणि आठवलं, कार्डं वजनकाट्यावरच राहिली. रिक्षा वळवली.

गाळ्यात आले तर कुणी नाही. जेवायचे डबे एका ओळीत, झाकण लावलेले. कोपऱ्यातली पोती कमी दिसत होती. गच्चीवरून बोलण्याचा आवाज येत होता. माझे गुडघे गेलेले, मी वर्षभरात गच्चीवर पाऊल ठेवलं नव्हतं. त्या दिवशी चढले. रागानं चढले, त्यामुळे गुडघे कुठे दुखले तेही कळलं नाही.

वर बघते तर ताडपत्र्या अंथरलेल्या, त्यांवर माझी पोती रिकामी केलेली! मी सकाळी थोपटलेली, मंगळवारी हेतलला दाखवायच्या मालाची सहा पोती. चिंधी आणि बाकीच्या तिघी ओणव्या होऊन जवळा पसरत होत्या.

"अगं बायांनो!" मी ओरडले, तशी शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. "हा काय धंदा लावलाय? माझ्या मागं माल फोडता? कुणाला देता? बोला! म्हणूनच म्हटलं माझं वजन कुठं जातंय!"

चिंधीच्या हातातला जवळा तसाच. ती खाली बघत राहिली. मी तिच्याकडे बोट केलं. "अकरा वर्षं माझं मीठ खाल्लंस तू!"

तेव्हा चौघींतली सगळ्यात लहान, दिपा, उसळून उठली. "चोर नाय आमी! वल्ला हाय तुमचा माल. सहाच्या सहा पोती वल्ली हायेत. तुमी थोपटून ठेवली."

"दिपे, गप," चिंधी म्हणाली.

"का गप? अडीच महिने गपच हाय ना. जेवान पन सुखाचं नाय!"

मी गच्चीच्या कठड्यावर बसले. म्हटलं, "चिंधी, तू सांग."

चिंधीनं हात पदराला पुसले. "भाभी, तुमाला वास येत नाय."

"कुणी सांगितलं?"

"कुनी नाय. दिवाळीच्या मागून तुमी पैल्यांदा आलाव, तवा मोरीतल्या बादलीत मासळीचं पानी चार दिवस कुजत होतं. आमी नाकाला पदर लावलेला. तुमी तिथंच खुर्ची टाकून बसलाव नि चायबिस्कुट खाल्लंत."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. मला पण हसू येणार होतं, पण रडूच आलं.

"मग तुमी वल्लं पोतं थोपटलंत," चिंधी म्हणाली. "आमी बोलनार कसं? मालावर तुमीच बोलायचं, तुमीच सांगितलेलं. नि तुमचं नाव छापलंय पाकिटावर. म्हनून मग तुमी एक वाजता गेलाव की वल्ली पोती वर आनतो. साडेतीनला गोळा करतो, पुन्ना भरतो. वजन घटतं ते पान्याचं, भाभी. पानी उडून जातं."

पाणी. माझी तीन-चार किलो चोरी म्हणजे पाणी. आणि मी हिची पिशवी उघडली होती.

"जेवता कधी?" मी विचारलं.

"गाडी पकडायच्या आधी. उभ्यानंच."

अडीच महिने या चौघींनी दुपारी उन्हात माझं नाव वाळवलं आणि मी घरी पंख्याखाली झोपत होते. आणि सगळं का, तर मी अकरा वर्षांपूर्वी एका बाईचं तोंड बंद केलं म्हणून. मला इतकी शरम वाटली की गच्चीवरून खाली उतरताना मी कुणाच्या तोंडाकडे पाहिलं नाही. फोन वाजत होता. आशालताताई. "हलीमा, कुठं आहेस? हॉल भरलाय!"

मी गेले. कार्डं घेऊनच गेले.

हॉलमध्ये शंभर-सव्वाशे बायका, प्रत्येकीच्या हातात वही. समोरच्या रांगेत हेतल शहा, मोबाईल पालथा ठेवून बसलेली. मी माइकसमोर उभी राहिले आणि पहिलं कार्ड वाचलं. "धडा पहिला. माल मालकाच्या हाताखालून गेल्याशिवाय पुढे जाता कामा नये." सगळ्यांनी भराभरा लिहून घेतलं. सव्वाशे पेनं एकदम चालायला लागली आणि माझा धीर सुटला.

"खोडा ते," मी म्हटलं. "खोडा म्हणते ना!"

आणि सगळं सांगितलं. ताप, करपलेलं दूध, बादली, बिस्किटं, पिशवी उघडली तेसुद्धा. हॉल हसला. एका पोरीनं हात वर केला, "मॅडम, मग यातला धडा कोणता लिहू?" मी म्हटलं, "बाई गं, मला अजून कळायचाय. कळला की फोन करते."

हेतल उठली. मला वाटलं, गेली ऑर्डर. ती म्हणाली, "हलीमाबेन, म्हणजे मंगळवारचा माझा माल तुम्ही बघितलेला नाही?"

"नाही. चिंधीनं बघितलाय."

"मग मंगळवारी मी चिंधीबेनकडून बघून घेईन. मला पटलं तर ऑर्डर. नाही पटलं तर नाही." आणि बसली. गोड बोलणं नाही, काही नाही. मला उलट बरं वाटलं.

कार्यक्रम संपल्यावर चहा पिताना आशालताताई हळूच म्हणाल्या, "हलीमा, मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तुझ्या वासाचं. चिंधी आली होती माझ्याकडे. विचारायला, मालकिणीला सांगू का म्हणून."

माझा कप बशीवर आपटला. "आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत? ताई! वीस वर्षांची ओळख आपली!"

"ओरडू नकोस. मी तिला म्हटलं, तू ठरव. पाच वर्षांपूर्वी ती अशी आली असती तर मी तेव्हाच तुला फोन केला असता. मी काय केलंय आयुष्यभर? वाडीतल्या बायकांच्या वतीनं बोलत राहिले. कलेक्टरकडे मी बोलायची, पंचायतीत मी बोलायची. एकदा मी आजारी पडले आणि पंचायतीत एकही बाई बोलली नाही. त्यांना सवयच नव्हती, मीच ठेवली नव्हती. आता गप्प बसायला शिकतेय. फार जड जातं गं."

मी त्यांच्यावर दोन दिवस रागावून होते. मनातून मात्र कळत होतं की बाई बरोबर बोलल्या.

सोमवारी मी चौघींना समोर बसवलं. चिंधीला म्हटलं, "उद्या दत्ता नवा माल घेऊन येतोय, हेतल पण येतेय. माल तू बघायचा, तू थोपटायचा."

ती घाबरलीच. "नाय भाभी. घरच्या घरी ठीक हाय. दत्तादादासमोर मला नाय बोलता यायचं."

दत्तासमोर का नाही, ते मला माहीत होतं. मी उठले. माफी मागायची मला सवय नाही, महमूदना विचारा. पण तिघींच्या देखत म्हटलं, "चिंधी, त्या दिवशी मी तुला दत्तासमोर झाडलं ते चुकलं. तुझी पिशवी उघडली तेही चुकलं. माफ कर मला." चिंधी नुसती पोत्याचा दोरा बोटाला गुंडाळत बसली.

मंगळवारी अकराला हेतल आली. पाठोपाठ दत्ताचा टेम्पो. दहा पोती खाली उतरली. चिंधी पुढे झाली. तिची पद्धत माझ्यासारखी नाही. ती तळातून मूठ काढते, कानाजवळ नेऊन दाबते, कुरकुर ऐकते, मग हुंगते, मग दोन जवळे जिभेवर ठेवते. हेतल बघत होती. चिंधीनं एक थोपटलं, दुसरं थोपटलं, चार थोपटली. माझी छाती फुगली. आणि त्या खुशीत, सवयीनं, पाचव्या पोत्यात मी वरवर हात घातला, चोळलं आणि थोपटलं.

चिंधीनं त्या पोत्यातून मूठ काढली. कानाजवळ नेली. मग तशीच उभी राहिली. आधी दत्ताकडे पाहिलं, मग हेतलकडे, मग माझ्याकडे. मला कळलं. पोतं ओलं होतं, आणि ती बोलणार नव्हती. मी स्वतःच म्हणू शकले असते की ठेव ते बाजूला. जीभ अगदी दातांपर्यंत आली होती. पण मी तोंड मिटून घेतलं. वीस वर्षांत गाळ्यात इतकं अवघड काम मी केलं नव्हतं.

"भाभी," चिंधी म्हणाली. आवाज कापत होता. "ते नाय. ते वल्लं हाय."

दत्ता हसला, अकरा वर्षांपूर्वीसारखाच. "अगं, मालकिणीनं थोपटलं की! काय भाभी, आता हिचं ऐकणार तुमी?"

मी त्या पोत्याला लाथ मारली. नव्या चपलेतून अंगठा ठणकला. "दत्ता, उचल ते आणि टाक टेम्पोत. आणि उरलेली पाच ती सांगेल तशी."

हेतलनं त्या पोत्यात तळापर्यंत हात घातला. मुठीत जवळ्याचा चिकट गोळा आला. तिनं तो परत टाकला, हात पुसला आणि चिंधीला विचारलं, "पुढच्या महिन्यापासून सगळा माल तुम्हीच बघणार?"

"हा," चिंधी म्हणाली. या वेळी आवाज कापला नाही.

"मग शुक्रवारी गाडी पाठवते," हेतल म्हणाली.

ती गेल्यावर मी चिंधीला म्हटलं, "माग काय मागायचं ते. पगार वाढवतेच, पण आणखी काय?" तिनं थोडा विचार केला. "दुपारचं जेवान. एक घंटा. बसून."

एवढंच? मी लगेच महमूदना फोन केला की आज मी घरी येत नाही, डबा घेऊन इकडेच या. ते स्कूटरवरून आले. चोवीस वर्षं कुवेतमध्ये नोकरी करून आलेला माणूस, आता माझे डबे पोचवतो. चटई अंथरली, सगळे बसलो. चिंधीचा ठेचा माझ्या ताटात, माझं कोलंबीचं कालवण त्यांच्या भाकरीवर.

"कसं झालंय?" मी विचारलं. मला आता ना वास येतो ना नीट चव.

तिघी म्हणाल्या, छान आहे. चिंधीनं घास खाल्ला. पाणी प्याली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "भाभी, खारट हाय. लई खारट."

मी महमूदकडे वळले. ते मान खाली घालून निमूट जेवत होते. "खारट आहे?"

"दिवाळीपासून," ते म्हणाले.

"अहो, मग बोलला नाहीत? अडीच महिने?"

"हलीमा," त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला, "चिंधी बोलली म्हणून आज मी बोललो."

दिपाला हसताना ठसका लागला. चिंधीनं तिच्या पाठीवर थोपटलं आणि माझ्या कालवणाचं भांडं उचलून त्यात गरम पाणी घालायला स्टोव्हकडे गेली. विचारलं नाही मला. मी बसून राहिले आणि भाकरीचा दुसरा तुकडा मोडला.